गोचीडजन्य ज्वरांतील सहसंसर्ग : ओळख, निदान व उपचार
(सिंधुदुर्गातील माकडताप आणि मुंबई उपनगरांतील रुग्ण यांच्या विशेष संदर्भात)

सारांश

गोचिडाच्या दंशातून माणसाला होणाऱ्या रोगांमध्ये एकाच वेळी एकापेक्षा अधिक रोगजंतूंचा संसर्ग होण्याची शक्यता असते. अमेरिकेतील लाइम रोगाच्या संदर्भात या सहसंसर्गाचा अभ्यास बराच झाला आहे. महाराष्ट्रात लाइम रोग हा प्रमुख प्रश्न नाही. तथापि सिंधुदुर्ग जिल्ह्यात २०१६ पासून माणसांमध्ये आढळलेला माकडताप, तसेच रिकेट्सियाजन्य ताप, यांच्या बाबतीत तोच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहतो. माकडतापावर विषाणूनाशक औषध उपलब्ध नाही. रिकेट्सियाजन्य तापावर मात्र स्वस्त व परिणामकारक औषध आहे. म्हणून एका रोगाचे निदान झाल्यावर दुसऱ्याचा शोध थांबविणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. कोकणाशी नित्य संबंध असलेल्या मुंबई उपनगरांतील महाविद्यालयांची या बाबतीतील भूमिकाही लेखाच्या अखेरीस मांडली आहे.

बीजसंज्ञा : गोचीड, सहसंसर्ग, माकडताप, रिकेट्सिया, स्क्रब टायफस, लाइम रोग, डॉक्सिसायक्लिन.

१. प्रस्तावना

मुंबईच्या उपनगरांत तापाचे निदान ऋतुमानाशी घट्ट जोडले गेले आहे. पावसाळा सुरू झाला की मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिस ही तीन नावे डॉक्टरांच्या व सर्वसामान्यांच्या तोंडी येतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिस हा शब्द घरोघरी पोहोचला. पुराच्या पाण्यातून चालत आलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन घ्यावे, ही महानगरपालिकेची सूचना आज अंधेरी, घाटकोपरच्या रहिवाशांना नवी राहिलेली नाही.

परंतु याच उपनगरांतील फार मोठा वर्ग कोकणातील गावाशी बांधलेला आहे. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्याच्या सुटीत तो गावी जातो. गणपतीला गेलेल्या चाकरमान्याला भात खाचराच्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, हे आता डॉक्टरांच्या ध्यानी असते. शिमग्याला किंवा काजूच्या हंगामात गेलेल्या माणसाला रानातल्या गोचिडापासून वेगळाच ताप येऊ शकतो, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. माकडतापाचा अधिशयन काळ, म्हणजे दंशापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, साधारणतः ३ ते ८ दिवसांचा असतो. चार दिवसांची सुटी संपवून बोरिवली वा मुलुंडला परतलेल्या माणसाला ताप येईल तो येथे, आणि तपासणीही येथेच होईल. रोगाचे क्षेत्र सिंधुदुर्गात असले तरी निदानाची जबाबदारी अशा वेळी उपनगरातील दवाखान्यावर येते.

या परिस्थितीत आणखी एक गुंतागुंत असते. रानात जो माणूस एका रोगजंतूच्या संपर्कात येतो तो त्याच वेळी दुसऱ्याच्याही संपर्कात येऊ शकतो. हाच सहसंसर्गाचा प्रश्न होय.

२. लेखाची उद्दिष्टे

१) सहसंसर्ग या संकल्पनेचा अर्थ व प्रकार स्पष्ट करणे.
२) लाइम रोगाच्या अभ्यासातून मिळणारी तत्त्वे समजून घेणे व ती येथील परिस्थितीस कितपत लागू पडतात ते तपासणे.
३) महाराष्ट्र व गोव्यातील गोचीडजन्य व तत्सम ज्वरांची ओळख करून देणे.
४) सहसंसर्गाच्या निदानाची व उपचारांची दिशा विशद करणे.
५) महाविद्यालयीन पातळीवर करता येण्याजोग्या उपायांची चर्चा करणे.

प्रस्तुत विवेचन वर्णनात्मक पद्धतीचे असून प्रकाशित वैद्यकीय व प्राणिशास्त्रीय माहितीवर आधारलेले आहे. औषधांची निवड व मात्रा ठरविणे हे वैद्यकाचेच काम असल्याने येथे केवळ तत्त्वांची चर्चा केली आहे.

३. सहसंसर्ग : संकल्पना व प्रकार

एकाच व्यक्तीच्या शरीरात एकाच काळात दोन वा अधिक रोगजंतू सक्रिय असणे म्हणजे सहसंसर्ग. गोचीडजन्य रोगांच्या बाबतीत तो तीन मार्गांनी घडू शकतो. पहिला मार्ग असा की एकाच गोचिडाच्या शरीरात दोन रोगजंतू असतात आणि एकाच दंशातून दोन्ही संक्रमित होतात. दुसरा मार्ग असा की एकाच रानात वावरताना दोन वेगवेगळ्या जीवांचे दंश होतात. तिसऱ्या प्रकारात एक रोग आधीपासून शरीरात असतो आणि दुसरा नंतर येऊन मिळतो. उदाहरणार्थ, मलेरियाचा जुना रुग्ण रानात जाऊन आला असता.

या तिन्हींखेरीज एक भासमान सहसंसर्गही असतो. दोन विषाणू एकाच कुळातील असतील तर एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्याच्या चाचणीतही प्रतिसाद देतात. माकडतापाचा विषाणू व डेंग्यूचा विषाणू दोन्ही फ्लॅव्हिव्हायरस गटातील आहेत. त्यामुळे केवळ प्रतिपिंडांच्या चाचणीवरून दोन्ही रोग आहेत असे म्हणणे किंवा डेंग्यू आहे म्हणून माकडताप नाही असे म्हणणे, दोन्ही धोक्याचे ठरते. खरा सहसंसर्ग आणि भासमान सहसंसर्ग यांतील भेद ध्यानात न घेतल्यास पुढील सर्व उपचारांची दिशा चुकते.

४. लाइम रोगापासून मिळणारा धडा

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात लाइम या गावाच्या परिसरात १९७५ च्या सुमारास अनेक मुलांना सांध्यांचा विकार जडल्याचे आढळले. डॉ. अॅलन स्टीअर यांच्या अभ्यासामुळे हा वेगळा रोग असल्याचे पुढे आले व गावाचेच नाव त्याला मिळाले. १९८२ मध्ये विली बर्गडॉर्फर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला कारणीभूत असलेला मळसूत्राच्या आकाराचा जिवाणू गोचिडात शोधून काढला. बर्गडॉर्फर यांच्याच नावावरून तो बोरेलिया बर्गडॉर्फेरी म्हणून ओळखला जातो.

हा जिवाणू वाहून नेणारा इक्सोडिस स्कॅप्युलॅरिस हा गोचीड इतरही रोगजंतू वाहून नेतो, हे कालांतराने स्पष्ट झाले. त्यांपैकी अॅनाप्लाझ्मा हा पांढऱ्या पेशींत राहणारा जिवाणू आहे, तर बॅबेसिया हा मलेरियाच्या परजीवीप्रमाणे तांबड्या पेशींत राहणारा परजीवी आहे. पोवासान नावाचा विषाणूही याच गोचिडाद्वारे पसरतो. एका गोचिडातून येणारे हे रोगजंतू तीन वेगळ्या वर्गांतील आहेत, आणि उपचारांच्या दृष्टीने हीच महत्त्वाची बाब होय. लाइम रोगावर दिले जाणारे डॉक्सिसायक्लिन अॅनाप्लाझ्मावरही उपयोगी पडते. बॅबेसियावर मात्र ते पुरेसे नाही, त्यासाठी अॅटोव्हाक्वोन व अॅझिथ्रोमायसिन अशी वेगळी औषधे लागतात. पोवासान विषाणूवर तर विशिष्ट औषधच नाही.

अमेरिकेतील तीन वैद्यकीय संघटनांनी २०२० मध्ये संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत यावर नेमका नियम सांगितला आहे. लाइम रोगाच्या रुग्णाला तीव्र ताप असेल, किंवा रक्तातील पांढऱ्या पेशी वा प्लेटलेट कमी झाल्या असतील, किंवा तांबड्या पेशींचा नाश होऊन रक्तक्षय दिसत असेल, तर सहसंसर्गाचा विचार करावा. प्रतिजैविक सुरू केल्यानंतरही एका दिवसाहून अधिक काळ ताप टिकला तर सहसंसर्ग शोधावा आणि डॉक्सिसायक्लिन देऊनही ताप न उतरल्यास बॅबेसियाचा विशेष विचार करावा, असेही त्यांत म्हटले आहे. त्याच सूचनांत दुसऱ्या टोकाचा इशाराही आहे. केवळ थकवा किंवा अंगदुखी दीर्घकाळ राहिली म्हणून, संसर्गाचा पुरावा नसताना, महिनोन्‌महिने प्रतिजैविके देणे योग्य नाही.

या विवेचनातून दोन तत्त्वे हाती येतात. ज्ञात रोगाशी न जुळणारे लक्षण दिसले की दुसरा रोगजंतू शोधावा. आणि औषधाला अपेक्षित वेळेत प्रतिसाद मिळाला नाही तर मात्रा वाढविण्यापूर्वी निदान पुन्हा तपासावे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. लाइम रोगाचा अमेरिकेतील मुख्य वाहक गोचीड भारतात आढळत नाही आणि आपल्याकडे या रोगाच्या नोंदी तुरळक आहेत. त्यामुळे अमेरिकेतील रुग्णांसाठी लिहिलेला सल्ला येथे जसाच्या तसा लागू करता येत नाही. तत्त्वे स्वीकारावीत, रोगांची यादी मात्र आपल्या भूमीतील असावी.

५. महाराष्ट्र व गोव्यातील गोचीडजन्य आणि तत्सम ज्वर

अ) माकडताप. या रोगाचे शास्त्रीय नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज असे आहे. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मोठ्या संख्येने मरू लागली व त्याच सुमारास जवळच्या गावांतील माणसांनाही तीव्र ताप येऊ लागला. पुण्यातील तत्कालीन व्हायरस रिसर्च सेंटर, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, येथील शास्त्रज्ञांनी त्याचा विषाणू शोधून काढला. ही संस्था १९५२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व रॉकफेलर फाउंडेशन यांच्या सहकार्याने स्थापन झाली होती. हा रोग भारतात ओळखला गेला तो महाराष्ट्रातील एका संस्थेच्या प्रयत्नांतून, ही बाब येथे नमूद करणे उचित ठरेल.

या विषाणूचा प्रमुख वाहक हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा हा गोचीड होय. त्याची अर्धवाढीची अवस्था, जिला प्राणिशास्त्रात निंफ म्हणतात, माणसाला चावते. ही अवस्था पावसाळ्यानंतरच्या कोरड्या महिन्यांत रानात मोठ्या प्रमाणात असते. म्हणूनच माकडतापाचा हंगाम साधारणतः डिसेंबर ते मे असा असतो. वानर व लाल तोंडाचे माकड या रोगाने मरतात. माकड मेले की त्याच्या अंगावरील गोचीड खाली उतरतात आणि ती जागा संसर्गाचे केंद्र बनते. गुरांच्या अंगावर प्रौढ गोचिडांची वाढ होते, त्यामुळे रानात चरणारी गुरे गोचिडांची संख्या वाढविण्यास हातभार लावतात. एका माणसापासून दुसऱ्या माणसाला हा रोग होत नाही.

अनेक दशके शिमोगा व लगतच्या जिल्ह्यांपुरता मर्यादित असलेला हा रोग २०१२ नंतर सह्याद्रीच्या रांगेने दक्षिणेस व उत्तरेस आढळू लागला. दक्षिणेस केरळमधील वायनाड आणि उत्तरेस गोव्यातील सत्तरी तालुका ही त्याची ठळक उदाहरणे. सत्तरीतील पाली गावात २०१५ मध्ये काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना त्याची लागण झाली. २०१६ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात उद्रेक झाला आणि पुढे सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरातही रुग्ण आढळले. फेब्रुवारी ते मे हा काजू गोळा करण्याचा काळ आणि निंफ अवस्थेचा काळ एकमेकांवर येतो. बागेत वाकून, पालापाचोळ्यातून बी वेचणारी स्त्री किंवा पुरुष हा या रोगाचा पहिला बळी ठरतो, तो या योगायोगामुळेच.

लक्षणे एकाएकी सुरू होतात. थंडी वाजून तीव्र ताप, कपाळात ठणका, स्नायूंत असह्य वेदना, उलट्या, जुलाब आणि काहींना नाक वा हिरड्यांतून रक्तस्राव होतो. पांढऱ्या पेशी व प्लेटलेट घटतात. बहुतांश रुग्ण एक-दोन आठवड्यांत बरे होतात. तथापि १० ते २० टक्के रुग्णांत मधल्या बऱ्या काळानंतर ताप पुन्हा उलटतो व डोकेदुखी, कंप, मानसिक गोंधळ, दृष्टिदोष अशी मज्जासंस्थेची लक्षणे दिसतात. मृत्यूचे प्रमाण ३ ते ५ टक्के मानले जाते.

आ) भारतीय गोचीड टायफस. रिकेट्सिया कोनोरी या जिवाणूमुळे होणारा हा रोग कुत्र्यावर राहणाऱ्या गोचिडापासूनही होतो, त्यामुळे तो केवळ रानापुरता मर्यादित नाही. ताप, डोकेदुखी यांखेरीज अंगावर पुरळ येते आणि ते तळहात व तळपाय यांवरही दिसते, ही त्याची महत्त्वाची खूण. महाराष्ट्रात हा रोग नवा नाही. अकोला व सोलापूर येथील बालरोगतज्ज्ञांनी रिकेट्सियाजन्य तापावर लिहून या विसरल्या गेलेल्या रोगाकडे लक्ष वेधले आहे.

इ) स्क्रब टायफस. याचा वाहक गोचीड नसून त्याचा दूरचा नातलग असलेल्या माइट वर्गातील जीवाची डिंभावस्था आहे. तिला चिगर म्हणतात. ओरिएन्शिया सुत्सुगामुशी हा त्याचा जिवाणू. दंशाच्या जागी वेदनारहित, काळ्या खपलीची जखम होते. ती काख, जांघ, स्तनाखालचा भाग अशा झाकलेल्या ठिकाणी असल्याने मुद्दाम पाहिल्याशिवाय दिसत नाही. पावसाळ्याच्या अखेरीपासून हिवाळ्यापर्यंत हा रोग अधिक आढळतो. त्याच्या हंगामाचे शेवटचे आठवडे माकडतापाच्या हंगामाच्या सुरुवातीशी जुळतात.

ई) क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप. हायलोमा जातीच्या गोचिडामुळे व बाधित जनावराच्या रक्ताच्या संपर्काने होणारा हा रोग भारतात प्रथम २०११ मध्ये गुजरातेत सिद्ध झाला. माकडतापाच्या उलट हा रोग रुग्णाच्या रक्तामार्फत डॉक्टर व परिचारिकांनाही होऊ शकतो. सप्टेंबर २०२० मध्ये पालघर जिल्हा प्रशासनाने याबाबत सतर्कतेचा इशारा दिला होता. उपनगरांच्या उत्तरेस असलेल्या जिल्ह्याचा हा अनुभव दुर्लक्षिण्याजोगा नाही.

पशुवैद्यकाला सहसंसर्ग ही नित्य परिचयाची बाब आहे. ज्याला आपले शेतकरी गोचीड ताप म्हणतात, तो थायलेरिया, बॅबेसिया व अॅनाप्लाझ्मा यांपैकी एका किंवा अनेक रोगजंतूंमुळे होतो. एका जनावराच्या रक्तात दोन परजीवी सापडल्याचे पशुवैद्यकाला नवल वाटत नाही. मानवी वैद्यकात मात्र एक ताप, एक कारण अशी विचाराची सवय अजूनही प्रबळ आहे.

६. निदान : काय विचारावे व काय तपासावे

सहसंसर्गाच्या निदानाची सुरुवात प्रयोगशाळेत होत नाही, ती प्रश्नांपासून होते. गेल्या तीन आठवड्यांत आपण कोठे गेला होता, रानात वा बागेत काम केले का, अंगावर गोचीड आढळला का, गावात माकडे मेल्याचे ऐकले का, गुरांच्या किंवा कुत्र्याच्या सान्निध्यात होता का, हे पाच प्रश्न विचारण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत. तीन आठवड्यांची मर्यादा घालण्याचे कारण असे की माकडतापाचा अधिशयन काळ ३ ते ८ दिवस, डेंग्यूचा ४ ते १० दिवस आणि स्क्रब टायफसचा ६ ते २१ दिवस असतो.

त्यानंतर संपूर्ण शरीराची तपासणी. काळी खपली व तळहातावरील पुरळ या दोन खुणा कोणत्याही महागड्या चाचणीपेक्षा लवकर उत्तर देतात.

प्रयोगशाळेच्या बाबतीत काळाचे भान महत्त्वाचे आहे. माकडतापात पहिल्या काही दिवसांत विषाणूचा जनुकीय अंश आरटी-पीसीआर चाचणीत सापडतो. प्रतिपिंडांची आयजीएम चाचणी त्यानंतर उपयोगी पडते. तिसऱ्या दिवशी केलेली आयजीएम चाचणी नकारात्मक आली म्हणून रोग नाही असे म्हणता येत नाही. रिकेट्सियासाठी ग्रामीण रुग्णालयांत वाइल-फेलिक्स ही जुनी चाचणी वापरली जाते. ती स्वस्त आहे, परंतु अनेक बाधित रुग्ण तिच्यात निसटतात. आयजीएम एलायझा चाचणी अधिक विश्वासार्ह ठरते. प्रत्येक तापाच्या रुग्णाच्या रक्ताची काचपट्टी मलेरियासाठी तपासणे मुंबईत रूढच आहे. ती तपासताना बॅबेसियाचे वर्तुळाकार परजीवी फाल्सिपेरम मलेरियासारखे दिसू शकतात, हे परदेशातून परतलेल्या रुग्णाच्या बाबतीत लक्षात ठेवावे.

पुढील परिस्थितींत दुसऱ्या रोगजंतूचा शोध घेणे आवश्यक ठरते :

१) डेंग्यू सिद्ध झाला आहे, परंतु अंगावर काळी खपली आहे.
२) माकडताप सिद्ध झाला आहे, परंतु पुरळ तळहातावर आहे अथवा कावीळ व मूत्रपिंडाचा बिघाड ठळक आहे.
३) मलेरियाचे औषध पूर्ण होऊन काचपट्टी स्वच्छ झाली, तरी ताप टिकून आहे.
४) डॉक्सिसायक्लिन सुरू करून ४८ ते ७२ तास उलटले, तरी ताप उतरलेला नाही.

७. उपचार : एका औषधाची मर्यादा

माकडतापावर विशिष्ट विषाणूनाशक औषध नाही. शरीरातील द्रवांचे संतुलन राखणे, रक्तस्राव असल्यास रक्त वा प्लेटलेट देणे, मज्जासंस्थेच्या लक्षणांवर लक्ष ठेवणे हाच उपचार होय. तापासाठी पॅरासिटामॉल वापरावे; अॅस्पिरिन व तत्सम वेदनाशामके रक्तस्राव वाढवीत असल्याने टाळावीत.

याउलट रिकेट्सियाजन्य ताप व स्क्रब टायफस यांवर डॉक्सिसायक्लिन हे खात्रीचे औषध आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, संशय सबळ असल्यास प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करावेत. गर्भवती स्त्रियांसाठी अॅझिथ्रोमायसिन सुचविले आहे. तीव्र स्क्रब टायफसमध्ये ही दोन्ही औषधे शिरेतून एकत्र दिल्यास एकेकट्या औषधापेक्षा अधिक लाभ होतो, असे भारतातील रुग्णालयांत झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतून दिसून आले. औषध योग्य वेळी मिळाले तर ताप बहुधा दोन-तीन दिवसांत उतरतो. विलंब झाल्यास फुप्फुस, मूत्रपिंड व मेंदू यांवर परिणाम होऊन मृत्यू ओढवू शकतो.

येथेच या लेखातील मुख्य मुद्दा स्पष्ट होतो. समजा, दोडामार्गहून परतलेल्या रुग्णाला माकडताप असल्याचे सिद्ध झाले. यावर औषध नाही, आता केवळ आधार द्यायचा, असे म्हणून शोध थांबला आणि त्याच्या शरीरात स्क्रब टायफसही असेल, तर ज्या रोगाने तो वाचला असता त्याच रोगाने तो दगावेल. बरा होऊ शकणारा रोग बऱ्या न होणाऱ्या रोगाच्या आड लपतो. म्हणून निदानाच्या यादीत प्रथम स्थान अधिक संभाव्य रोगाला असले, तरी उपचारसाध्य रोगाला यादीतून वगळण्यासाठी स्वतंत्र कारण हवे.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. डॉक्सिसायक्लिन अनेक रोगांवर चालते म्हणून प्रत्येक तापाला तेच देणे हा उपाय नव्हे. ते माकडताप व डेंग्यूवर निरुपयोगी आहे. मलेरियाच्या परजीवीवर ते मंद गतीने कार्य करते, त्यामुळे एकट्या डॉक्सिसायक्लिनने मलेरिया बरा होत नाही. उलट ताप काहीसा दबून निदान लांबू शकते. औषध सुरू करण्यापूर्वी रक्ताचा नमुना घेऊन ठेवणे ही साधी शिस्त पाळल्यास उपचार व निदान यांत विरोध राहत नाही.

प्रतिबंधाच्या बाबतीत, कर्नाटकात अनेक वर्षे दिली जाणारी निष्क्रिय विषाणूची लस अपुरी ठरल्याने तिचा वापर २०२२ मध्ये थांबला. त्यामुळे सध्या गोचिडापासून संरक्षण हाच मुख्य मार्ग उरतो. संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केलेले डेपा हे गोचीड दूर ठेवणारे द्रव्य उघड्या त्वचेवर लावणे, पूर्ण बाह्यांचे कपडे घालणे, घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून कपडे उकळत्या पाण्यात धुणे, हे उपाय साधे पण परिणामकारक आहेत. अंगाला चिकटलेला गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावा. रॉकेल ओतणे, काडीने चटका देणे किंवा बोटांनी चिरडणे या गावाकडच्या सवयी टाळाव्यात.

८. मुंबई उपनगरांतील महाविद्यालये व हा प्रश्न

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पसरले आहे. आरे वसाहतीत गोठे व रान शेजारी शेजारी आहेत. येथे माकडे आहेत, गुरे आहेत व गोचीडही आहेत. एवढ्यावरून येथे माकडताप आहे असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे व भीती पसरविणारे ठरेल. धोका प्रामुख्याने प्रवासाशी निगडित आहे.

महाविद्यालयांचा संबंध येथे येतो. राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची निवासी शिबिरे बहुधा हिवाळ्यात भरतात. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र व भूगोल विभागांच्या अभ्याससहली याच कोरड्या महिन्यांत आंबोली, तिलारी, गोवा या दिशेने जातात. अनेक विद्यार्थी मे महिन्यात आजोळी काजू-आंब्याच्या बागेत वावरतात. विद्यार्थ्याला ताप आल्यावर प्रथम कळते ते बहुधा वर्गशिक्षकाला किंवा सहलीच्या प्रमुखाला. तो डॉक्टर नसतो. परंतु विद्यार्थी कोठे गेला होता, ही डॉक्टरला सर्वाधिक उपयोगी पडणारी माहिती त्याच्याजवळ असते.

९. निष्कर्ष

१) गोचीडजन्य ज्वरांत एका रोगाचे निदान दुसऱ्या रोगाची शक्यता संपवीत नाही. लाइम रोगाच्या अभ्यासातून सिद्ध झालेले हे तत्त्व कोकणातील माकडताप व रिकेट्सियाजन्य तापांनाही लागू पडते.

२) ज्यावर औषध आहे असा रोग शोधून काढणे हे सहसंसर्गाच्या निदानाचे पहिले प्रयोजन आहे.

३) औषधाला ठरावीक काळात प्रतिसाद न मिळणे ही स्वतःच एक निदानात्मक खूण आहे.

४) समान कुळातील विषाणूंमुळे चाचण्यांत भासमान सहसंसर्ग दिसू शकतो, म्हणून चाचणीचा दिवस व प्रकार यांचे भान ठेवणे आवश्यक आहे.

५) मुंबई उपनगरांतील तापाच्या रुग्णाच्या बाबतीत प्रवासाचा इतिहास हा निदानाचा अविभाज्य भाग मानला पाहिजे.

१०. शिफारशी

१) सह्याद्रीच्या परिसरातील प्रत्येक शिबिर व सहलीपूर्वी विद्यार्थ्यांना गोचिडांविषयी अर्ध्या तासाची माहिती द्यावी आणि प्रथमोपचार पेटीत टोकदार चिमटा व गोचीड-प्रतिबंधक द्रव्य ठेवावे.

२) सहलीहून परतल्यावर तीन आठवड्यांपर्यंत ताप आल्यास दाखविण्यासाठी, गेलेले ठिकाण व तारखा नमूद केलेली चिठ्ठी प्रत्येक विद्यार्थ्याला द्यावी.

३) रानात मृत माकड आढळल्यास त्यास स्पर्श न करता वन खात्यास व जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे.

४) प्राणिशास्त्र विभागांनी पशुवैद्यकांच्या मार्गदर्शनाखाली परिसरातील गोचिडांच्या जातींची नोंद ठेवण्याचे प्रकल्प हाती घ्यावेत.

दोडामार्गच्या बागेत काजू वेचणारी कष्टकरी स्त्री आणि सुटीत तिच्या मदतीला गेलेला घाटकोपरचा तिचा पुतण्या, या दोघांना एकाच गोचिडापासून एकच धोका असतो. तिच्यासाठी गावच्या आरोग्य केंद्रात या तापाची ओळख आता काही प्रमाणात रुजली आहे. पुतण्याचा ताप उपनगरातील दवाखान्यात ओळखला जाईल की नाही, हे मात्र कोणी त्याला गावाविषयी विचारतो की नाही, यावर अवलंबून राहील.